चाकाखालची माती : ब्रिटिश स्पीडवेचे आज आणि उद्या



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना हे गाव क्रीडाशिक्षक म्हणून ओळखत होते. मला त्यांचे दुसरे एक काम अधिक मोठे वाटते. शाळेमागच्या मैदानावर इमारत उभी राहू नये म्हणून त्यांनी कित्येक वर्षे अर्ज केले, हेलपाटे घातले, दारोदार सह्या गोळा केल्या. ते मैदान आजही आहे आणि संध्याकाळी तिथे पोरे खेळतात. सरांच्या या कामाला शोभेल असा विषय शोधताना मला परदेशातल्या वास्तव्यात जीव जडलेला एक खेळ आठवला. त्याचे नाव स्पीडवे. ब्रिटनमध्ये हा खेळ आज अवघड अवस्थेत आहे आणि त्याच्या दुखण्याचे मूळ सरांनी अचूक ओळखले असते. ते मूळ जमिनीत आहे.

नोकरीनिमित्त मी काही वर्षे लेस्टरला राहत होतो. शेजारी होजिअरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा होते. एका संध्याकाळी त्यांनी मला गाडीत बसवले आणि बोमाँट पार्कच्या ट्रॅकवर नेले. हातात त्या दिवसाची कार्यक्रमपत्रिका, खिशात पेन्सिल आणि पिशवीत चहाचा थर्मास, एवढ्या तयारीने ते निघाले होते.

आपल्यापैकी फार थोड्यांनी हा खेळ पाहिला असेल, म्हणून तो कसा असतो ते आधी सांगतो. अंडाकृती ट्रॅक, साधारण तीनशे मीटरचा. त्यावर शेल नावाच्या ठिसूळ दगडाचा चुरा अंथरलेला. मोटरसायकल पाचशे सीसीची, एका सिलिंडरची. तिला गिअर एकच असतो आणि ब्रेक नसतोच. टाकीत पेट्रोलच्या जागी मिथेनॉल. चार रायडर, चार फेऱ्या, सगळी वळणे डावीकडे. समोरच्या फिती झटकन वर उडाल्या की शर्यत सुटते आणि जेमतेम मिनिटाभरात संपते. त्या मिनिटात जे घडते ते पाहताना श्वास अडकतो. पहिल्याच वळणात गाड्या तिरप्या होतात, मागचे चाक बाहेरच्या बाजूला घसरत जाते, पुढचे चाक वळणाच्या उलट दिशेला रोखलेले असते, आणि डाव्या बुटाखालचा पोलादी तळ जमिनीला टेकवून रायडर ती घसरणच आपल्या ताब्यात ठेवतो. ब्रेक नसल्यामुळे वेग आवरायचा तोही घसरूनच. चौघांच्या मध्ये कधीकधी हातभराचे अंतर असते.

पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य. एका संघात सात जण. एका सामन्यात अशा पंधरा शर्यती, ज्यांना तिथे हीट म्हणतात. दोन शर्यतींच्या मध्ये ट्रॅक्टर येऊन उधळलेला चुरा पुन्हा सारखा करतो. वळणापाशी उभे राहिले तर तो चुरा थेट तोंडावर येतो. हवेत जळलेल्या मिथेनॉलचा आणि एरंडेलाच्या वंगणाचा एक गोडसर वास असतो, जो एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही.

आजोबा प्रत्येक हीटनंतर पत्रिकेच्या चौकटींत गुण भरत होते. मध्येच त्यांनी सांगितले की लहानपणी वडील त्यांना ब्लॅकबर्ड रोडच्या स्टेडियमवर नेत असत. ते स्टेडियम १९८३ साली बंद झाले आणि तिथे घरे उभी राहिली. त्यानंतर लेस्टरला पुन्हा ट्रॅक मिळाला तो २०११ मध्ये. मध्ये गेली अठ्ठावीस वर्षे. तेवढ्या काळात शहरातली एक पिढी जन्मली, वाढली आणि संसाराला लागली. तिच्या लेखी लेस्टरमध्ये स्पीडवे नव्हताच. आज मी जे सांगणार आहे ते सगळे या अठ्ठावीस वर्षांत सामावलेले आहे.

आता थोडा इतिहास. या खेळाचा उगम ऑस्ट्रेलियातला मानतात. न्यू साउथ वेल्समधल्या वेस्ट मेटलंड गावी १९२३ च्या डिसेंबरात जॉनी हॉस्किन्स यांनी भरवलेल्या शर्यती त्याच्या मुळाशी सांगितल्या जातात. इंग्लंडमध्ये १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळच्या एपिंग जंगलात, हाय बीच इथे शर्यत झाली आणि आयोजकांच्या अपेक्षेच्या कितीतरी पट लोक लोटले. पुढच्याच वर्षी लीग सुरू झाल्या. गिरण्या, गोद्या आणि कारखान्यांच्या शहरांतल्या कामगारांना हा खेळ लगेच आपला वाटला. आठवड्यातली एक संध्याकाळ, परवडणारे तिकीट, बायकामुलांसह जाता येईल असे ठिकाण आणि यंत्राशी रोज झुंजणाऱ्या माणसांना कळेल असे कसब, हे सगळे त्यात होते.

१९३६ मध्ये वेम्बलीच्या एम्पायर स्टेडियमवर पहिली जागतिक अंतिम स्पर्धा झाली आणि ऑस्ट्रेलियाचा लायोनेल व्हॅन प्राग विजेता ठरला. दुसऱ्या महायुद्धानंतरची काही वर्षे तर या खेळाची भरभराटीची होती. पुढे करमणूक कर आणि घराघरांत आलेला टेलिव्हिजन यांनी प्रेक्षक ओढून नेले आणि पन्नाशीच्या दशकात एकेक ट्रॅक बंद पडू लागला. खेळ संपला असे तेव्हाही अनेकांना वाटले होते. मग छोट्या क्लबांनी वेगळी लीग काढली, मोठ्यांशी त्यांचे भांडण झाले, चौकशी बसली आणि त्यातून १९६५ मध्ये अठरा संघांची ब्रिटिश लीग जन्माला आली. न्यूझीलंडचे आयव्हन मॉगर आणि बॅरी ब्रिग्ज, स्वीडनचा ओव्ह फुंदिन असे दिग्गज इंग्लंडच्या ट्रॅकवर उतरत. १९८१ मध्ये वेम्बलीवर शेवटची जागतिक अंतिम स्पर्धा झाली. अमेरिकेचा ब्रूस पेनहॉल जिंकला आणि ते पाहायला ९२,५०० लोक हजर होते. त्या रात्री त्या गर्दीतल्या कुणाला उतरणीची चाहूल लागली असेल असे मला वाटत नाही.

आणि आज? एका निरीक्षणातून मला या खेळाची अवस्था सर्वांत स्पष्ट दिसते. गेल्या काही वर्षांतले तीन विजेते पाहा.

पहिला वर्किंग्टन. वायव्य इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे, कोळसा आणि पोलादावर वाढलेले छोटे गाव. तिथल्या कॉमेट्स संघाने २०१८ मध्ये दुसऱ्या श्रेणीतले तीन मोठे मान एकाच हंगामात मिळवले. हंगाम संपला आणि क्लब बंद झाला. दुसरा स्विंडन. तिथल्या अ‍ॅबी स्टेडियमवर १९४९ पासून स्पीडवे होता. रॉबिन्स संघ २०१९ मध्ये पहिल्या श्रेणीचा विजेता ठरला. त्यानंतर करोना आला, स्टेडियमच्या पुनर्बांधणीचा प्रश्न लांबत गेला आणि त्या विजेत्या संघाला आपल्या घरच्या ट्रॅकवर पुन्हा उतरता आले नाही. तिसरा पीटरबरो. पँथर्स संघ २०२१ चा विजेता. ज्या कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर ते १९७० पासून खेळत होते, त्याच्या पुनर्विकासाची योजना आली आणि २०२३ च्या अखेरीस त्यांना ती जागा सोडावी लागली. त्याच सुमारास वुल्व्हरहॅम्प्टनच्या मॉनमोर ग्रीन या ट्रॅकवरही स्पीडवे थांबला. तिथे पहिली शर्यत १९२८ मध्ये झाली होती.

श्रोतेहो, हरणारा संघ बंद पडला तर आपण समजू शकतो. इथे जिंकणारे संघ बंद पडत आहेत. ज्या खेळात विजेतेपदही घर वाचवू शकत नाही, त्या खेळाचा आजार मैदानावरच्या कामगिरीत शोधून सापडायचा नाही.

स्पीडवेच्या बहुतेक क्लबांनी स्वतःची जमीन कधी घेतलीच नाही. ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींसाठी बांधलेल्या स्टेडियमांत ते भाडेकरू म्हणून शिरले. १९२८ मध्ये ही सोय उत्तम होती. बाक तयार, दिवे तयार, तिकीटखिडकी तयार. पण पुढे शहरे वाढली, गावाबाहेरचे स्टेडियम वस्तीच्या मधोमध आले, जमिनीचे भाव चढले आणि कुत्र्यांच्या शर्यतींचा धंदाही आटत गेला. मग मालकाने हिशेब मांडला की भाडेकरूला आठवड्यातल्या एका संध्याकाळचा हक्कही सांगता येईना. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू क्लबचे हाइड रोड हे खास स्पीडवेसाठी बांधलेले, नावाजलेले स्टेडियम होते. १९८७ मध्ये ते गेले आणि त्या जागी मोटारींच्या लिलावाचा व्यवसाय आला. कॉव्हेंट्रीजवळच्या ब्रँडनला १९२८ पासून २०१६ पर्यंत शर्यती झाल्या. तिथे घरे बांधायचा प्रस्ताव आला, समर्थकांनी वर्षानुवर्षे लढा दिला, स्थानिक परिषदेने परवानगी नाकारली आणि त्यावरचे अपीलही फेटाळले गेले. जागेवर घरे झाली नाहीत, पण शर्यतीही झाल्या नाहीत. जाळपोळीने काळवंडलेले ते स्टेडियम या कहाणीचे सर्वांत दुःखद चित्र आहे.

याच्या शेजारी पोलंड ठेवून पाहा. एडवर्ड यांचाश हा पोलंडचा मोठा रायडर सत्तरीच्या दशकात लंडनच्या विम्बल्डन क्लबकडून खेळायला आला. तेव्हा पोलिश रायडरसाठी इंग्लंडची लीग म्हणजे शिकण्याची आणि कमावण्याची जागा होती. आज गोझूफ या त्याच्या शहरातले स्पीडवेचे स्टेडियम त्याचे नाव मिरवते. त्याच गोझूफमधून पुढे आलेल्या बार्तोश झ्मार्झलिकने सहा वेळा जगज्जेतेपद मिळवून मॉगर आणि टोनी रिकार्डसन यांची बरोबरी केली. आणि विम्बल्डन? प्लाउ लेनच्या ज्या स्टेडियममध्ये यांचाश धावला, ते पाडले गेले. आता तिथे फुटबॉलचे मैदान आहे. एकाच माणसाच्या आयुष्याला जोडलेली ही दोन शहरे. एकाने ट्रॅक जपला आणि जगज्जेता घडवला. दुसऱ्याने ट्रॅक गमावला आणि त्याबरोबर खेळही गेला.

पोलंडमध्ये अनेक स्टेडियम नगरपालिकांच्या मालकीची आहेत आणि शहर आपल्या संघाकडे आपली प्रतिष्ठा म्हणून पाहते. टोरुनमध्ये २००९ साली खास स्पीडवेसाठी पंधरा हजारांहून अधिक प्रेक्षकांचे स्टेडियम उभे राहिले. प्रेक्षक, प्रायोजक आणि टेलिव्हिजनचा पैसा एकत्र आला की जगातले उत्तम रायडर तिकडे जाणारच. त्यांना मी दोष देणार नाही. ज्या खेळात प्रत्येक वळणावर हाड मोडण्याची शक्यता असते, इंजिने, टायर, व्हॅन आणि मेकॅनिक यांचा खर्च रायडरला स्वतः उचलावा लागतो, त्यात माणूस चांगल्या मोबदल्याकडे वळला तर ते न्याय्यच आहे.

त्याचा परिणाम मात्र ब्रिटिश लीगच्या रचनेवर झाला. शनिवार-रविवार पोलंडकडे गेल्यामुळे ब्रिटनच्या वरच्या श्रेणीचे सामने सोमवार आणि गुरुवारवर येऊन ठेपले. दुसऱ्या दिवशी शाळा असलेल्या मुलाला रात्री उशिरापर्यंत स्टेडियमवर कोण ठेवणार? रायडर पुरेसे नाहीत, म्हणून एकच रायडर दोन श्रेणींतल्या दोन क्लबांकडून खेळतो. कुणी जखमी झाला की दुसऱ्याच संघाचा रायडर पाहुणा म्हणून त्या दिवसापुरता येतो. संघांची ताकद समान राहावी म्हणून रायडरांच्या सरासरी गुणांवर मर्यादा असते, आणि त्यामुळे हंगामात बहरलेल्या खेळाडूलाच पुढच्या वर्षी संघात ठेवता येत नाही. यातला प्रत्येक नियम कुठल्यातरी खऱ्या अडचणीतून आला आहे. पण नव्याने आलेल्या प्रेक्षकाने कुणाला आपला म्हणायचे, हे त्याला उमगत नाही. आजोबा पत्रिकेत पाहुण्या रायडरचे नाव लिहिताना थांबत. त्यांना ते नाव आपल्या संघाच्या रकान्यात लिहवत नसे.

या सगळ्यात एक गोष्ट मनाला उभारी देते. ब्रिटिश रायडर कमी झाले असतील, कच्चे झालेले नाहीत. ताय वॉफिंडनने २०१३, २०१५ आणि २०१८ अशी तीन जगज्जेतेपदे मिळवली. एवढी कुठल्याच ब्रिटिश रायडरला त्याआधी मिळाली नव्हती. २०२१ च्या ऑक्टोबरात मँचेस्टरला स्पीडवे ऑफ नेशन्सच्या अंतिम फेरीत वॉफिंडन जखमी होऊन बाहेर पडला, तरी रॉबर्ट लँबर्ट, डॅन ब्यूली आणि तरुण टॉम ब्रेनन यांनी बलाढ्य पोलंडला हरवले. १९८९ नंतर ब्रिटनला मिळालेले ते पहिले सांघिक जगज्जेतेपद. २०२४ मध्ये त्याच मँचेस्टरला त्यांनी ते पुन्हा जिंकले. यातला ब्यूली कम्ब्रियाचा. तो मोठा झाला वर्किंग्टनच्या संघात, म्हणजे तीन मान मिळवून बंद पडलेल्या त्याच क्लबात. क्लब गेला, पण जाण्याआधी त्याने देशाला जगज्जेता दिला. वर्किंग्टनचा ट्रॅक दहा वर्षे आधी गेला असता तर ब्यूली कुठे शिकला असता, याचा विचार करून पाहा.

तो विजय मँचेस्टरच्या ज्या ट्रॅकवर मिळाला त्याचीही गोष्ट सांगितली पाहिजे. हाइड रोड गेल्यानंतर बेल व्ह्यू क्लब जवळच्याच ग्रेहाउंड स्टेडियममध्ये जवळपास तीन दशके भाड्याने राहिला. मग शहराच्या पुढाकाराने गॉर्टनमध्ये राष्ट्रीय स्पीडवे स्टेडियम बांधले गेले आणि २०१६ मध्ये ते उघडले. सुरुवात फार वाईट झाली. ट्रॅक नीट तयार नसल्याने उद्घाटनाचा सामना सोडून द्यावा लागला आणि वर्षभरात क्लब चालवणारी कंपनी कोलमडली. पण जागा सार्वजनिक होती, खेळासाठी राखलेली होती, म्हणून नव्या माणसांनी क्लब उचलून धरला. २०२२ आणि २०२४ मध्ये बेल व्ह्यू लीगचे विजेते झाले. २०२५ मध्ये ब्रिटनची ग्रां प्री, म्हणजे जगज्जेतेपदाच्या मालिकेतली इथली फेरी, कार्डिफच्या प्रचंड स्टेडियममधून या लहान स्टेडियमवर आली. काहींनी ही पीछेहाट मानली. मी त्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. कार्डिफला एका रात्रीसाठी मातीचा ट्रॅक बाहेरून आणून अंथरावा लागे आणि शर्यत संपली की उचलावा लागे. मँचेस्टरची माती तिथेच राहते, आणि ग्रां प्रीच्या दुसऱ्या दिवशी तिच्यावर एखादा पंधरा वर्षांचा मुलगा सराव करू शकतो.

माझा निष्कर्ष असा आहे. कंपनी बुडाली तर दुसरी उभी करता येते, रायडर गेला तर दुसरा घडवता येतो, नियम चुकले तर बदलता येतात. ट्रॅक गेला तर बहुधा परत येत नाही. म्हणून ब्रिटिश स्पीडवेने आपली उरलेली सगळी ताकद आधी जमिनीमागे लावली पाहिजे.

हे स्वप्नरंजन नाही. स्कंथॉर्पच्या मंडळींनी या शतकाच्या पहिल्या दशकात खास स्पीडवेसाठी नवा ट्रॅक उभा केला. ग्लासगोच्या क्लबमालकांनी अ‍ॅशफील्ड स्टेडियम विकत घेऊन सुधारले. वर्किंग्टनला नॉर्थसाइड इथे नवा ट्रॅक आला आणि कॉमेट्स पुन्हा धावू लागले. लेस्टरची अठ्ठावीस वर्षे संपली. ही ठिकाणे वेम्बली नव्हेत. काही हजार माणसांची सोय, साधे बाक, चांगली माती, आवाजाचा त्रास होणार नाही इतकी वस्तीपासून दूर जागा. या खेळाला एवढे पुरते. इंग्लंडच्या नियोजन धोरणातही खेळाच्या जागेला संरक्षण आहे. ती जागा खरोखर अनावश्यक झाली हे दाखवा, नाहीतर तोडीस तोड पर्याय द्या, असे ते सांगते. हे हत्यार क्लब बंद झाल्यावर उपसले तर उशीर होतो. ट्रॅक धडधडत असतानाच, भाडेकरार संपण्याच्या कितीतरी आधी, समर्थकांनी, क्लबांनी आणि स्थानिक परिषदांनी एकत्र बसायला हवे.

दुसरे काम मुलांचे. २०२१ पासून वरच्या श्रेणीतल्या प्रत्येक संघात उमेदीच्या ब्रिटिश रायडरसाठी एक जागा राखली गेली. हा निर्णय योग्य दिशेचा आहे. तो टिकवायचा असेल तर खालच्या फळीत सरावाचे छोटे ट्रॅक आणि कमी क्षमतेच्या गाड्या लागतील, म्हणजे गरीब घरातल्या मुलालाही पहिली चार वळणे घेऊन पाहता येतील. मुलींनाही. फे टेलर ही आयरिश तरुणी इंग्लंडमधल्या या खेळाच्या पहिल्या काही हंगामांतच नावाजलेल्या पुरुष रायडरांना हरवत होती. १९३० मध्ये स्त्रियांवर बंदी आली आणि खेळाने आपली अर्धी माणसे स्वतःच्या हाताने दूर केली. आज ते दार उघडले आहे, पण तिथून आत येणाऱ्या मुलींची संख्या अजून फार थोडी आहे.

तिसरे काम क्लबांनी एकमेकांशी वागण्याचे. १९६५ मध्ये छोटे आणि मोठे क्लब भांडण मिटवून एका छताखाली आले आणि खेळाला नवे आयुष्य मिळाले. आजही तेच लागेल. हंगामामागून हंगाम नियम बदलायचे थांबवून, प्रेक्षकाला समजेल अशी एक साधी रचना निदान पाच वर्षे तशीच ठेवावी. त्यासाठी प्रत्येक क्लबाला थोडे सोडावे लागेल. न सोडले तर पुढच्या हंगामात सोबत धावायला दुसरा क्लब उरणार नाही, हे प्रत्येकाला दिसते आहे.

श्रोतेहो, लेस्टर सोडताना आजोबांनी मला एक कार्यक्रमपत्रिका दिली. पंधराही हीटचे गुण पेन्सिलने भरलेली. ती मी जपून ठेवली आहे. त्या पत्रिकेतले काही रायडर आता खेळत नाहीत, काही पोलंडला असतात. पण ज्या ट्रॅकवर ते धावले तो ट्रॅक आहे, म्हणून तिथे आजही नवी पत्रिका छापली जाते आणि कुणीतरी तिच्या चौकटी भरतो.

इथून बाहेर पडताना आपल्याला शाळेमागचे मैदान दिसेल. तिथे आता अंधार असेल, पोरे घरी गेली असतील. तरी घटकाभर थांबून त्याकडे पाहा. आपल्या गावातल्या प्रत्येक मैदानाची नोंद कुणाच्या नावावर आहे, त्याचे आरक्षण काय आहे आणि ते कधी बदलायचे घाटते आहे, हे प्रत्येक पालकाने एकदा जाऊन पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सरांनी ते पाहिले होते, म्हणून मैदान राहिले.